आपलं पोरगं काय उंदीर आहे?

पत्र : माझा मुलगा २६ वर्षांचा, पुण्यात कंपनीत नोकरीला आहे. चार वर्षांपूर्वी कोलोनोस्कोपी करून अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज येऊन आत जखमा होण्याचा आजार, असल्याचं सांगितलं. मेसालामीनच्या गोळ्या आणि रात्रीचा एनिमा चालू आहे. गेल्या दीड वर्षात स्टिरॉइडचे तीन कोर्स झाले. गोळी १० मिलिग्रॅमवर आली की पुन्हा रक्त सुरू. मध्ये प्रतिकारशक्ती दाबणारं अझाथायोप्रीन दिलं, तर महिन्याभरात केसांचे पुंजके हातात यायला लागले, पांढऱ्या पेशी एकदम उतरल्या, म्हणून ते बंद केलं. सध्या दिवसातून पाच-सहा वेळा जावं लागतं. वजन ५२ किलोवर आलंय. कंबर आणि गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून सुजेवरची गोळी आणून घेतो. डॉक्टर म्हणतात, तीन रस्ते आहेत. टोफासिटिनिबच्या गोळ्या, नाहीतर बायोलॉजिकची सलाइन, नाहीतर त्यांच्याच रुग्णालयात एका नव्या गोळीची चाचणी चालू आहे तिच्यात नाव घाला. तिथे औषध आणि तपासण्या फुकट. पण काहींना म्हणे खोटी गोळी मिळते. मिस्टर भडकले, ‘आपलं पोरगं काय उंदीर आहे?’ म्हणाले. सासूबाई म्हणतात, हळद-दूध द्या, सगळी सूज उतरेल. मुलगा काहीच बोलत नाही. त्यात स्थळं यायला लागलीत. मी काय करू?
— एक आई, कराड

उत्तर :

ताई, नमस्कार.

एक गोष्ट आधी सांगते, बाकीचं मागून. ‘पाच-सहा वेळा’ म्हणजे नक्की किती वेळा, हे त्याला आजपासून मोबाइलवर टिपून ठेवायला सांगा. रक्तासकट सहा किंवा त्याहून जास्त वेळा जावं लागलं आणि जोडीला ताप असेल, किंवा स्वस्थ बसलेला असताना नाडी ९० च्या वर असेल, तर चाचणी, सलाइन, हळद सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालयात भरती करायचं. सकाळ उजाडायची वाट बघायची नाही. ही मोजपट्टी ऑक्सफर्डच्या ट्रूलव्ह आणि विट्स या दोन डॉक्टरांनी १९५५ साली घालून दिली आणि आजही जगभरातले डॉक्टर तीच वापरतात. तुमचा मुलगा त्या रेषेच्या अगदी काठावर उभा आहे, म्हणून हे पहिल्यांदा.

आता तुमच्या मिस्टरांचं वाक्य. त्यांचा राग मला समजतो, आणि तो उगाच आलेला नाही. आपल्या देशात माणसांना धड न सांगता त्यांच्यावर औषधं वापरून पाहिल्याच्या तक्रारी झाल्या, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि मग नियम आवळले गेले. २०१९ चे नवीन औषधं आणि वैद्यकीय चाचण्यांचे नियम आहेत, त्यांच्यामागे ही सगळी माणसं उभी आहेत. पण उंदराचं म्हणाल, तर उंदराचं काम तुमच्या मुलापर्यंत गोष्ट येण्याच्या कितीतरी आधी झालेलं असतं. पिण्याच्या पाण्यात डेक्स्ट्रान सल्फेट नावाचं रसायन मिसळलं की आठवड्याभरात उंदराला रक्ती हगवण लागते आणि त्याचं आतडं सुजतं. नव्या औषधांची पहिली परीक्षा बहुतेक वेळा अशीच होते. अडचण अशी की असा उंदीर बरा करणारी औषधं ढिगानं आहेत. पाण्यातलं रसायन बंद केलं तर तो आपणहूनही सुधारायला लागतो. तुमच्या मुलाचा आजार तसा नाही. तो वर्षानुवर्षं राहतो, मध्येच शांत होतो, मध्येच उसळतो. म्हणून कुठलंही औषध खरं की खोटं, हे शेवटी माणसांतच कळतं. ते कळून घ्यायचे रीतीचे आणि बिनरीतीचे असे दोन मार्ग आहेत, आणि तुम्हाला पारखायचं आहे ते हे, की तुमच्यापुढे आलेली चाचणी रीतीची आहे का.

मी आयुष्यभर औषधशास्त्र शिकवलं आणि बारा वर्षं एका रुग्णालयाच्या एथिक्स कमिटीवर, म्हणजे माणसांवरच्या चाचण्या तपासून परवानगी देणाऱ्या समितीवर, बसले. तिथे बसून माझं एक मत पक्कं झालंय, ते आधीच सांगून टाकते. तुमच्या घरात सगळे चाचणीला घाबरलेत. मला त्याहून जास्त भीती वाटते ती दीड वर्षातल्या तीन स्टिरॉइड कोर्सची. चौथा कोर्स होऊ नये, हा खरा प्रश्न आहे. तीन रस्ते त्याच प्रश्नाची उत्तरं आहेत.

स्टिरॉइडला मी वाईट म्हणत नाही. याच ट्रूलव्ह आणि विट्स यांनी १९५५ साली २१० रुग्णांवरच्या चाचणीचा निकाल छापला. निम्म्यांना कॉर्टिझोन, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या, औषध नसलेल्या गोळ्या. सहा आठवड्यांनी कॉर्टिझोनवाल्यांत १०० मागे ४१ जणांचा आजार शांत झालेला होता. त्याआधी या आजाराच्या मोठ्या झटक्यात बरीच माणसं दगावायची, हे लक्षात घेतलं तर हा आकडा किती मोठा होता ते कळतं. पण पुढच्या दहा वर्षांत हेही कळलं की स्टिरॉइड आग विझवतं, आग पुन्हा लागू नये म्हणून त्याचा उपयोग नाही. शांत झालेल्या रुग्णांना कमी डोसात ते चालू ठेवून पाहिलं, तर आजार तितकाच उलटला. आणि किंमत मात्र शरीर मोजत राहतं : चेहरा सुजतो, हाडं पोकळ होतात, साखर वाढते, डोळ्यांत मोतीबिंदू, रात्रीची झोप जाते, मन चिडचिडं होतं. १० मिलिग्रॅमवर आल्यावर पुन्हा रक्त येणं म्हणजे तो स्टिरॉइडवर अवलंबून झाला आहे. अशा वेळी पुढचं औषध सुरू करणं हे डॉक्टरांनी बरोबर सांगितलंय. फक्त स्टिरॉइडची चालू गोळी त्यानं मनानं एकदम बंद करू नये. इतके दिवस बाहेरून मिळाल्यानं शरीर स्वतःचं स्टिरॉइड करायचं विसरलेलं असतं, ते जीवावर बेतू शकतं.

त्या जुन्या चाचणीतला दुसरा आकडा मी मुद्दाम राखून ठेवला होता, कारण तुमच्या ‘खोट्या गोळी’चं उत्तर त्यात आहे. औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांतही १०० मागे १६ जण शांत झाले. मनाचे खेळ म्हणून नव्हे. आजारच तसा आहे, कधी कधी आपला आपण ओसरतो, आणि रुग्णालयात नीट लक्ष ठेवलं की थोडा आणखी ओसरतो. आता विचार करा, ही १६ माणसं मोजलीच नसती, तर ती सगळी औषधाच्या खात्यावर जमा झाली असती. आपल्याकडे ‘अमक्याच्या काढ्यानं माझा कोलायटिस गेला’ असं शपथेवर सांगणारी माणसं भेटतात. ती खोटं बोलत नाहीत. ती त्या १६ पैकी असतात.

आणि न मोजता पुढे गेलं तर काय होतं, तेही सांगते. दहा-बारा वर्षांपूर्वी मोंगर्सेन नावाची गोळी आली होती, क्रोन्ससाठी. क्रोन्स म्हणजे तुमच्या मुलाच्या आजाराचा सख्खा भाऊ. कल्पना सुरेख होती : आतड्याचा स्वतःचा जो ब्रेक सुजेत निकामी होतो, तो पुन्हा चालू करायचा. २०१५ साली दुसऱ्या टप्प्याच्या चाचणीचे आकडे छापून आले, मोठ्या डोसवर १०० मागे ६५ जण शांत, औषध नसलेल्या गोळीवर १०. आम्ही विभागात तो लेख मोठ्यानं वाचला होता. मला आठवतं, आनंदानं कुणाला तरी फोन करायला मी उठलेही होते. दोन वर्षांनी, २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये, तिसऱ्या टप्प्याची मोठी चाचणी मध्येच थांबवावी लागली. उपयोग होत नव्हता. त्याच्या आधीचं उदाहरण तर जास्त बोचतं. सोरायसिस या त्वचेच्या आजारावर उत्तम चालणारं सेक्युकिनुमॅब क्रोन्सच्या रुग्णांना देऊन पाहिलं, कारण सुजलेल्या आतड्यात त्याचं लक्ष्य असलेलं रसायन भरपूर सापडत होतं. २०१२ साली निकाल आला. औषध घेणाऱ्यांची तब्येत न घेणाऱ्यांपेक्षा बिघडली. ते रसायन सुजेच्या जागी सापडत होतं खरं, पण आतड्याच्या अस्तराची राखणही तेच करत होतं. कागदावर पटलेली गोष्ट पोटात उलटी निघाली. तुलनेला दुसरा गट नसता, तर ‘आजारच बळावला बिचाऱ्यांचा’ म्हणून ते औषध कितीतरी जणांना देत राहिले असते.

तुमच्या मुलाच्या रात्रीच्या एनिमाचीही अशीच गोष्ट आहे, आणि ती मला फार प्रिय आहे. स्वीडनच्या नाना स्वार्त्झ, कॅरोलिन्स्का संस्थेतल्या पहिल्या स्त्री प्राध्यापक, संधिवातासाठी औषध शोधत होत्या. १९४० च्या आसपास त्यांनी एक जंतू मारणारं सल्फा औषध आणि एक ॲस्पिरिनच्या जातीचं सॅलिसिलेट असे दोन रेणू एकमेकांना जोडून घेतले. तेच सल्फासलाझिन. सांधे दुखणाऱ्या काही रुग्णांना कोलायटिसही होता, आणि त्यांचं पोट सुधारायला लागलं. पुढची ३५ वर्षं जगभर ते औषध दिलं गेलं, पण त्या जोडगोळीतलं नेमकं काम कोण करतं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. बहुतेकांना वाटे, सल्फा. ते शोधून काढलं ढाक्याहून ऑक्सफर्डला गेलेल्या डॉ. आझाद खान यांनी, ट्रूलव्ह यांच्याच हाताखाली. त्यांनी केलं काय, तर रुग्णांचे गट केले आणि एनिमातून कुणाला पूर्ण औषध दिलं, कुणाला नुसता सल्फाचा भाग, कुणाला नुसता सॅलिसिलेटचा. मग दुर्बिणीनं आतडं बघितलं, तुकडा काढून तपासला. सॅलिसिलेटवाले सुधारले, सल्फावाले जवळजवळ नाहीच. १९७७ ची ही गोष्ट. मोठ्या आतड्यातले जंतू ती जोडी तोडतात आणि कामाचा अर्धा भाग थेट सुजेच्या जागी मोकळा होतो, एवढं कळलं. आणि सल्फाचा त्रासदायक भाग वगळून उरलं ते मेसालामीन. तुमचा लेक रात्री डाव्या कुशीवर वळून, गुडघा पोटाशी घेऊन जी बाटली रिकामी करतो, ती बाटली त्या एनिमा घेणाऱ्या रुग्णांमुळे आहे. त्यांच्यापैकी काहींच्या वाट्याला निरुपयोगी अर्धा भाग आला होता. (बाटली वापरण्याआधी कोमट पाण्यात ठेवायला सांगा. गार औषध आतडं लगेच बाहेर टाकतं, आणि मुलं कंटाळून एनिमा सोडून देतात. तो घेतोय ना खरंच, हेही एकदा प्रेमानं विचारा.)

आता चाचणीचा कागद. कुठलीही चाचणी एथिक्स कमिटीपुढे येते आणि त्या कमिटीत डॉक्टर नसलेली एक साधी व्यक्ती असावीच लागते. आमच्याकडे एक निवृत्त पोस्टमास्तर होते. एकदा एका चाचणीचं मराठी माहितीपत्रक आलं, पानभर ‘यादृच्छिकीकरण’, ‘निष्क्रिय द्रव्य’, ‘प्रतिकूल घटना’. आम्ही डॉक्टर लोक भराभर पानं उलटत होतो. पोस्टमास्तरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “मॅडम, हे मला कळत नाही. मग सही करणाऱ्याला कसं कळणार?” ते पत्रक आम्ही तीनदा परत पाठवलं. शेवटी आलं तेव्हा त्यात लिहिलेलं होतं : तुम्हाला कोणती गोळी मिळणार हे नाणेफेकीसारखं ठरेल. ते तुम्हाला कळणार नाही, तुमच्या डॉक्टरांनाही कळणार नाही. त्रास वाढला तर तुम्हाला केव्हाही बाहेर पडता येईल आणि तुमचे नेहमीचे उपचार चालू राहतील.

तुमच्यापुढे येणारं पत्रक असं, आपल्या भाषेत वाचता येणारं असलं पाहिजे. ते घरी न्या. ‘आजच सही करा’ म्हणणारी जागा असेल, तर तिथून उठा. दोन दिवस घरी राहू दे, मुलाला एकट्याला वाचू दे, मिस्टरांनाही वाचू दे. मग वहीत प्रश्न लिहून जा. औषध कुठल्या टप्प्यावर आहे, आधी किती माणसांनी घेतलंय, त्यांना काय झालं? खोटी गोळी मिळायची शक्यता किती? अशा अनेक चाचण्यांत दोघांना किंवा तिघांना औषध आणि एकाला खोटी गोळी असा हिशेब ठेवतात, आणि मेसालामीन चालूच राहतं, तेव्हा ‘खोटी गोळी म्हणजे उपचारच नाहीत’ असं नसतं. ठरलेल्या आठवड्यांत गुण आला नाही तर पुढे सगळ्यांना खरं औषध मिळतं का? मध्येच उसळी आली तर काय देणार? कोलोनोस्कोपी किती वेळा? येण्याजाण्याचा खर्च कोण देणार? आणि हा प्रश्न लोक विसरतात : गुण आला आणि चाचणी संपली, तर नंतर औषध कोण पुरवणार? चाचणीमुळे काही इजा झाली, तर उपचार मोफत आणि नुकसानभरपाई देणं हे नियमानंच बंधनकारक आहे. ते पत्रकात लिहिलेलं आहे का, बोट ठेवून बघा. भारतातली प्रत्येक औषधचाचणी क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया या सरकारी नोंदवहीत असावी लागते. ती इंटरनेटवर कुणालाही फुकट बघता येते. डॉक्टरांकडून नोंदणी क्रमांक घ्या. क्रमांक नसेल तर पुढे बोलणंच नको.

आणि त्याला घेतीलच, असंही नाही. पांढऱ्या पेशी सावरलेल्या हव्यात, टीबी नको, शौचाच्या तपासणीत क्लॉस्ट्रिडियमसारखा जंतू नको. ही शौचाची तपासणी चाचणीत जा किंवा जाऊ नका, आत्ता करूनच घ्या. उसळी समजून स्टिरॉइड वाढवत राहावं आणि मुळात जंतुसंसर्ग निघावा, असं बऱ्याचदा होतं.

अझाथायोप्रीनबद्दल तुमच्या पत्रात एक ओळ आहे, ती वाचून मी चमकले. महिन्याभरात केसांचे पुंजके जाणं आणि त्याच वेळी पांढऱ्या पेशी कोसळणं, ही जोडी एका विशिष्ट गोष्टीकडे बोट दाखवते. आपल्या आशियाई लोकांत एनयूडीटी-१५ नावाच्या जनुकात एक फरक बऱ्याच जणांत असतो. तो असला की हे औषध अंगात साचतं आणि नेहमीचा डोसही विषासारखा लागतो. ही गोष्ट २०१४ साली कोरियातल्या रुग्णांच्या अभ्यासातून पुढे आली. युरोपातले लोक ज्या दुसऱ्या जनुकाची तपासणी करत आले, ती आपल्याकडच्या बहुतेकांना लागूच पडत नव्हती. मी इथून निदान करत नाही, पण ही रक्ततपासणी झाली होती का, हे विचारा. आणि त्याच्या फाइलीवर, पहिल्याच पानावर, लाल शाईनं लिहा : अझाथायोप्रीन आणि त्याच्याच जातीचं मरकॅप्टोप्युरीन नको. उद्या दुसऱ्या गावात, दुसऱ्या डॉक्टरपुढे बसला तर हे लाल अक्षर त्याला वाचवेल. ‘त्याच्या अंगात औषध सोसायची ताकदच नाही’ असं घरात कुणी म्हणत असेल, तर ते मात्र थांबवा.

बाकीचे दोन रस्ते. बायोलॉजिक म्हणजे सजीव पेशींत तयार केलेलं औषध, तुमच्या बाबतीत बहुधा इन्फ्लिक्सिमॅब. हे मुळात रक्तातल्या जंतुदोषानं कोसळणाऱ्या रुग्णांसाठी म्हणून डोळ्यांपुढे होतं, तिथे चाललं नाही. मग ॲमस्टरडॅमच्या डॉक्टरांनी दुसरं काहीच लागू न पडणाऱ्या एका शाळकरी मुलीला ते क्रोन्ससाठी दिलं. १९९३ साली तिची हकीकत छापून आली आणि तिथून सगळं बदललं. कोलायटिससाठी अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली २००५ मध्ये. वजनाच्या किलोमागे ५ मिलिग्रॅम असा हिशेब असतो. तुमच्या मुलाला ५२ किलोला २६० मिलिग्रॅम, म्हणजे १०० च्या तीन बाटल्या फोडाव्या लागतील. पहिली सलाइन, मग दोन आठवड्यांनी, मग सहाव्या आठवड्यात, आणि पुढे दर आठ आठवड्यांनी. खर्च मोठा आहे, पण आता बायोसिमिलर म्हणजे मूळ औषधाच्या बरोबरीनं तपासून घेतलेली दुसऱ्या कंपन्यांची औषधं भारतात मिळतात, ती विचारा. ती ‘डुप्लिकेट’ नव्हेत. मूळ औषधावरून बायोसिमिलरवर आलेल्या रुग्णांचं बिघडतं का, हे नॉर्वेत ४८२ जणांवर तपासलं गेलंय. निकाल २०१७ साली आला, आणि तो दिलासा देणारा होता.

टोफासिटिनिब ही साधी गोळी आहे, लवकर काम करते, आणि भारतीय कंपन्या ती करत असल्यानं सलाइनपेक्षा पुष्कळ स्वस्त पडते. ती ओळखीनं मेडिकलमधून आणून सुरू करायची गोष्ट मात्र नाही. दोन्ही औषधं अंगात दबून बसलेला टीबी उठवू शकतात, आणि आपल्या देशात तो कितीतरी जणांच्या अंगात दबून असतो. छातीचा एक्स-रे, टीबीची रक्ताची किंवा त्वचेची तपासणी, ‘बी’ प्रकारच्या काविळीची तपासणी आणि लसींचा विचार झाल्याशिवाय पहिली गोळीही नको. टोफासिटिनिबनं नागीण उठू शकते आणि काहींच्या रक्तात गुठळ्या होतात. हृदयविकार असलेले आणि पन्नाशी ओलांडलेले लोक तिथे जास्त जपून. तुमच्या मुलाचं वय त्याच्या बाजूनं आहे.

माझं मत विचाराल, तर मी या क्रमानं जाईन. माहितीतलं औषध परवडत असेल, तर आधी ते. पैसे नाहीत म्हणून चाचणीत नाव घालू नका, आणि डॉक्टरांचं मन मोडेल म्हणून तर मुळीच नको. मुलानं स्वतः पत्रक वाचून, प्रश्न विचारून ‘मला जायचंय’ म्हटलं, आजार सहाच्या रेषेच्या अलीकडे असला, आणि उसळी आल्यास काय करणार याचं स्पष्ट उत्तर मिळालं, तर मी त्याला अडवणार नाही. माझा भाचा असता तरी हेच सांगितलं असतं.

सासूबाईंची हळद. त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असं नाही, म्हणून त्यांना हे नीट सांगा. हळदीतल्या कर्क्युमिनवर खरंच काम झालंय. २०१५ साली सौम्य ते मध्यम आजारात, मेसालामीनच्या जोडीनं रोज ३ ग्रॅम कर्क्युमिन दिलं तेव्हा उपयोग दिसला. दिल्लीच्या एम्समध्ये कमी डोस, रोज ४५० मिलिग्रॅम देऊन पाहिला, तो लागू पडला नाही. हळदीत कर्क्युमिन असतं शेकडा तीनच्या आसपास. म्हणजे ३ ग्रॅमसाठी १०० ग्रॅम हळद, रोज. पेल्यातल्या चमचाभर हळदीनं हे होणार नाही. दूध त्याला सोसत असेल तर प्यावं, आजीच्या हातचं म्हणून प्यावं, औषध म्हणून नाही. आणि बाजारातल्या मिरीचा अर्क घातलेल्या हळदीच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. त्यांनी यकृताला इजा झालेले रुग्ण आहेत.

लग्नाचं. सांगायचं. पत्रिका पुढे सरकायच्या आधी, आणि मुलानं स्वतःच्या तोंडानं सांगायचं. या आजाराची माणसं संसार करतात, त्यांना मुलंबाळं होतात. लपवलेला एनिमा लग्नानंतर आठ दिवसही लपत नाही. पण स्थळं सहा महिने थांबू देत. आधी त्याचं रक्त थांबू दे.

तो गप्प का आहे, मला ठाऊक नाही, अंदाज बांधू शकते. २६ व्या वर्षी कंपनीत बसायची जागा संडासाच्या अंतरावरून ठरवावी लागते, आणि घरी आल्यावर त्याच विषयावर आई, वडील, आजी तिघं बोलतात. तो घरी आला की हा अंक त्याच्या हातात द्या आणि दुसऱ्या खोलीत जा. त्याला वाटलं तर तो मला स्वतः लिहील, तुमच्या पत्राचा उल्लेखही करायची गरज नाही.

राहिली ती मेडिकलमधली सुजेवरची गोळी. ताई, नाव सारखं असलं तरी ही सूज वेगळी आणि ती गोळी वेगळी. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, नेप्रॉक्सेन, यांतली कुठलीही गोळी सांध्याची सूज उतरवताना आतड्याच्या अस्तराचं संरक्षण काढून घेते आणि शांत कोलायटिसलाही उठवू शकते. त्याचे गुडघे बहुधा याच आजारानं दुखत असतील. आतडं शांत झालं की ते शांत होतात. कंबरेचं तसं नसतं, ती वेगळी दाखवावी लागेल. तोवर दुखलं तर पॅरासिटामॉल, डॉक्टरांनी सांगितलेल्या डोसात. चालू उसळीला या गोळ्यांचाही हात असेल, आणि डॉक्टरांना त्या माहीतच नसतील. आज रात्री त्याला फोन करा, पाकिटावरचं नाव वाचून दाखवायला सांगा, आणि ते नाव पुढच्या भेटीच्या वहीत सगळ्यात वर लिहा.